डब्यातला वास

थोरला भाऊ पेट्रोलचे जुने डबे साबणाच्या गरम पाण्याने धुतो आणि धाकटा ज्योत लावून त्यांची भोकं बुजवतो. आत पेट्रोलचा वास उरला असेल तर ज्योत लागताच भडका उडणार. म्हणून धाकटा दर डब्याला विचारतो, "दादा, वास?"

थोरला डब्यात नाक खुपसतो. "नाही. लाव बिनधास्त."

आज धाकटा जेवायला बसला आणि बायको उखडली. "सकाळी दूध करपून पातेलं काळं झालं. मोठे भाऊजी गॅसकडे पाठ करून तिथेच बसले होते, पत्ताच नाही त्यांना! अहो, त्यांना वास येत नाही!"

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? मग स्वतः हुंगायला काय धाड भरली तुम्हाला?"

"माझं नाक त्याच्या आधी गेलं."

"आणि मालकाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की दोघंही घरी बसू."

"अख्ख्या कारखान्यात एकाचंही नाक धड नाही?"

"मालकाचं आहे की." धाकट्याने ताटातच हात धुतला आणि कामावर जायला उठला. "म्हणून तर तो रुमाल लावूनच आत येतो."