फुकटची हवा

रेणुका दुपारी दोन वाजता माहेरच्या दारात पोचली, तेव्हा ऑक्सिजनचं मशीन बंद होतं. नळी खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवलेली होती आणि तिची आई, गोपिकाबाई, भिंतीला टेकून शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. लेकीला बघताच त्या उठल्या, कपाटाला धरून थोडं थांबल्या आणि कूलरचं बटण दाबून पुन्हा खाली बसल्या. तेवढ्यानं त्यांना धाप लागली.

रेणुकानं मशीनकडं पाहिलं.

"दोन्ही संगट कशाला?" गोपिकाबाई म्हणाल्या. "मी का कुठं धावून राह्यले? बसल्या जागी फुकटची हवा पुरती मला."

डॉक्टरांनी दिवसाला सोळा तास सांगितले होते. मशीन रेणुकाच्या धाकट्या भावानं, सुग्रीवानं, पाच महिन्यांपूर्वी जालन्याहून भाड्यानं आणलं होतं. पहिल्याच महिन्यात लाइटबिल साडेआठशेवरून अडीच हजारांवर गेलं. सुग्रीवानं बिल मोठ्यानं दोनदा वाचलं आणि देव्हाऱ्यामागं खोचून ठेवलं. तेव्हापासून गोपिकाबाईंनी सुनेशी भांडून फ्रिज बंद करायला लावला होता आणि त्यात डाळी भरल्या होत्या. नातीचा मोबाइल चार्जिंगला दिसला की त्या म्हणत, "त्याला काय अशक्तपणा आलाय का, दिसभर सलाईन लावून ठेवायला?" हे लेकीला सांगताना त्या हसल्या. हसू खोकल्यात गेलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं.

मशीन बंद असतं हे घरात कुणाला माहीत नव्हतं. निदान गोपिकाबाई तसं म्हणत. दिवसा सुग्रीव कुंभार पिंपळगाव ते अंबड जीप चालवायचा, सून अंगणवाडीत असायची, नात क्लासला. रेणुकाला मात्र माहीत होतं, कारण ती नेहमी दुपारचीच यायची. पहिल्या खेपेला तिनं बटणाकडं हात नेला होता, तेव्हा आईनं तिला आपल्या गळ्याची शपथ घातली होती. ती शपथ रेणुकानं फार लवकर मानली होती.

ती कूलरसमोर बसली. वारा गार होता. शेंगा मोडताना आईची नखं जांभळट दिसत होती. रेणुकानं परात आपल्याकडं ओढून घेतली आणि राहिलेल्या शेंगा मोडल्या.

पाचच्या सुमाराला वळणावर जीपचा हॉर्न वाजला. गोपिकाबाईंनी घाईघाईनं नळी नाकाला लावली आणि लेकीकडं बघून मान हलवली. रेणुकानं कूलर बंद केला, मशीन चालू केलं.

सुग्रीव आत आला तेव्हा मशीन घुमत होतं. बरं हाय ना, असं त्यानं आईला विचारलं. लई बरं हाय, गोपिकाबाई म्हणाल्या. मग तो बहिणीला त्याच जीपनं जालन्याच्या बसला सोडून आला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्याचा फोन आला. माय गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनवाला मच्छिंद्र आला. नवा महिना लागायच्या आत घेऊन जा, असं सुग्रीवानंच त्याला कळवलं होतं. गोपिकाबाईंचे भाऊ रखमाजीमामा समोरच्या खोलीत बसले होते. पोरानं मायला काही कमी पडू दिलं न्हाई, दवाखान्यातली हवा घरात आणून दिली, असं ते तेरा दिवस आल्यागेल्याला सांगत होते. आता त्यांनी ते मच्छिंद्रलाही सांगितलं. सुग्रीव खाली मान घालून ऐकत होता.

मच्छिंद्रनं मशीन फडक्यानं पुसलं आणि मागची पट्टी उघडली. मशीन आजवर किती तास चाललं त्याचा आकडा तिथं दिसत होता. त्यानं तो वहीत उतरवला, मग पुन्हा वाकून पाहिला.

"मस्त ठेवलं की तुम्ही," तो म्हणाला. "कोरं आणल्तं, पाच महिन्यांत नऊशे तासच चाललं. लोकांकडं एवढ्या दिवसांत अडीच हजार होतात."

डिपॉझिट पूर्ण परत मिळेल, असंही त्यानं सांगितलं.

रेणुका चहा घेऊन दारातच थांबली. दिवसाला सहा तास. म्हणजे नुसती दुपारच नव्हे, घर निजल्यावरही मशीन बंद असायचं.

"लाइट लई जाती आमच्याकडं," सुग्रीव म्हणाला.

ते तर हायेच, म्हणून मच्छिंद्र वायर गुंडाळायला लागला.

रेणुकानं कप खाली ठेवले.

"लाइट गेली नव्हती. माय बंद करायची. मला पहिल्यापासून माहीत होतं."

सुग्रीव तिच्याकडं वळला. त्याची बायको स्वयंपाकघरातून पुढं आली.

"मंग बोलली का न्हाईस, अक्का?" सुग्रीवानं विचारलं.

रखमाजीमामा मध्ये पडले. जाऊ दे, शपथ घातली असंल तिनं लेकीला, ते म्हणाले. तिचा स्वभावच तसा होता.

"शपथेपायी न्हाई, मामा," रेणुका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी सांगितलं असतं तर हा म्हणाला असता, एवढी माया आहे तर ने मायला तुझ्याकडं. अन् मला न्यायचं नव्हतं."