राहीकाकूचा वरवंटा

चौऱ्याहत्तर साली दोन्ही पोरं मद्रासला सोनं गाळायच्या दुकानात गेली, तशी राहीकाकू आन् काका विटा गाव सोडून विश्रामबागेत आमच्या शेजारी ऱ्हायला आली. आठ दिस काकू रडली. "मला माघारी न्या," एवढंच म्हणायची. मग एकदम खुशीत दिसाय लागली.

एक दिस दुपारी मी चटणी वाटाय वरवंटा मागाय गेले. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात घालत्यात, त्यो तिच्या दोन्ही पोरांच्या बारशाचा. काकू त्यो दुपट्यात गुंडाळून मांडीवर घिऊन बसलेली.

"हळू गं! आत्ता निजलाय."

"दगुड निजतोय व्हय?" मी चिडून दुपट्यात हात घातला.

दगुड हाताला ऊन लागला.

काकू हसली. "बघ, तुला वळखलं त्यानं."

आतनं माझं बोट कुणीतरी घट्ट धरलं हुतं.