एका नळाची कावीळ

वस्तीच्या आशा आरोग्यसेविका अनसूयाबाईंनी सकाळी वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, “कुणाकुणाला कावीळ झालीय? लपवू नका.” दुपारपर्यंत अकरा घरांचे निरोप आले आणि अकराही घरं गटारालगतच्या एकाच नळावर पाणी भरणारी निघाली. अनसूयाबाईंच्या घरचं पाणीही त्याच नळाचं होतं.

“उकळल्याशिवाय घोटभरही पिऊ नका,” असं लिहून त्या घराकडे धावल्या. गल्लीत बायका भरलेल्या घागरी ओतून देत होत्या.

आठवा महिना लागलेली सून रेणुका भिंतीला टेकून बसली होती. अनसूयाबाईंनी तिची पापणी खाली ओढली, तर डोळा हळदीसारखा पिवळा. दूषित पाण्याची ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते, हे त्यांनीच वस्तीतल्या बायकांना सांगितलं होतं.

“कधीपासून गं?”

“पाच दिवस लघवी पिवळी होतेय, आत्या. पण ग्रुपवर सगळे दीर-सासरे. तिथं कसं लिहू?”

“अगं, मग मला सांगायचं! मी घरातच होते की.”

“तुम्ही सारख्या फोनवर होता,” रेणुका जड जिभेनं पुटपुटली.

अनसूयाबाईंनी रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत रेणुका त्यांना ओळखेनाशी झाली होती.