मशीन चालू होईपर्यंत

"डॉक्टर, माझा स्क्रीन गेला!"

"कुठे गेला, काकू?"

"ते मला माहीत असतं तर तुला कशाला फोन केला असता?"

डॉक्टरने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. आज तरी हे नको होतं. टेबलाखाली त्याची पाठपिशवी भरून तयार होती. तंबू, दोरी, लोकरीची टोपी, सगळं. संध्याकाळची गाडी होती. साहेबांनी सुट्टीला एकदा 'हो' म्हटलं की झालं.

तो काही खरा डॉक्टर नव्हता. ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. आणि रोगी तरी कसले! एकाने की-बोर्डवर जेवणाचा डबा ठेवला आणि 'व्हायरस आला, आपोआप टाइप होतंय' म्हणून मजला डोक्यावर घेतला. बंद प्रिंटरला शिव्या घालणारे तर पैशाला पासरी. असं कोणी डोकं खायला लागलं की डॉक्टर मनातल्या मनात चालू लागायचा. शेवटचं गाव मागे पडायचं. लाकडी पूल यायचा, खाली नदी घुमत असायची. मग उंच उंच झाडांचं रान, गार, अर्धवट उजेडाचं. मग खिंड. आणि खिंडीपलीकडे ते तळं. रात्री त्यात चांदण्या इतक्या जवळ दिसतात म्हणे, की ओंजळीत घ्याव्यात. म्हणे, कारण तो अजून तिथे गेलाच नव्हता. नकाशे आणि फोटो बघून बघून वाट मात्र तोंडपाठ झाली होती.

काकू पगार विभागातल्या. निवृत्तीला आलेल्या, गुडघ्यांनी बेजार. घरी काका कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांचं मशीन म्हणजे ऑफिसातला सगळ्यात जुना खटारा. नवं देतो म्हटलं, तर काकूंनी हट्टाने नको म्हटलं होतं. "माझ्या हाताला हेच बसलंय," म्हणाल्या. आता या वयात कोण वाद घालणार? त्यामुळे रोज काहीतरी बिघडायचं. डॉक्टर रोज जायचा, सुटलेली वायर खोचायचा, मशीन बंद करून पुन्हा चालू करायचा. ते चालू व्हायला इतका वेळ घ्यायचं की तेवढ्यात चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हावा. मग बसल्या बसल्या तो त्या तळ्याच्या वाटेचं काहीबाही बोलायचा. काकू 'हं, हं' करत ऐकायच्या. स्क्रीन काळा असताना दुसरं करणार तरी काय बिचाऱ्या!

तो काकूंकडे निघाला तेवढ्यात साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"सुट्टीला माझी ना नाही रे," साहेब म्हणाले. "पण काकूंचं मशीन रोज मान टाकतं. तू नसताना पगार अडकले, तर लोक मला फाडून खातील. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते. डॉक्टर बाहेर आला. डोळ्यांपुढचा पूल, रान, खिंड, सगळं एकेक करत विझत गेलं.

काकू वाटच बघत होत्या. "ये, बस. काल आपण रानातून बाहेर पडलो होतो ना? आता खिंड."

"कसली खिंड आणि कसलं काय, काकू!" तो फाडकन बोलला. "तुमच्या या खटाऱ्यापायी माझी सुट्टी बोंबलली. हे रोज बंद पडतं म्हणून साहेब मला सोडत नाहीत!"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

काकू टेबलाला धरून उठल्या. 'आई गं' म्हणत खाली वाकल्या, अंधारात न चाचपडता बरोबर ती सुटलेली वायर उचलून जागच्या जागी खोचली आणि मशीन चालू केलं. ते घरघरायला लागलं, तशी त्यांनी फोन उचलला.

"साहेब, डॉक्टरला जाऊ द्या. माझं मशीन मी सांभाळते... हो, येतं मला. पहिल्यापासून येतं. आणि माझ्यामुळे कोणाचा पगार अडकला, तर माझा अडकवा. मग देताय ना सुट्टी? बरं."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिला.

"काकू, ती वायर रोज..."

"मीच काढायचे."

"अहो, पण का?"

काकूंनी काळ्या स्क्रीनकडे बघितलं. अजून काहीच उमटलं नव्हतं.

"नवं मशीन झटकन चालू होतं म्हणतात. मग तू थांबला असतास का? घरी काका, इथे आकडे. मी कुठे जाणार होते रे? तू बोलायला लागलास की निघायचे तुझ्याबरोबर, रोज थोडं थोडं. या गुडघ्यांनी तो पूल ओलांडलाय मी."

डॉक्टरने पिशवी आणली, पाठीला लावली आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा वळला.

"काकू, ती खिंड आहे ना..."

"आता नको सांगूस. आधी बघून ये." स्क्रीन उजळला होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "आणि आलास की आधी माझ्याकडे ये हं. माझं मशीन बंद पडलेलं असेल."