खुर्चीखालचं र.ल.

आमच्या कारखान्यातून खुर्ची बाहेर पडायची, तर तिच्या बुडाला पेन्सिलीने 'र.ल.' लिहिलेलं असावंच लागतं. मी पॅकिंगला नवीन. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून टेम्पोभर खुर्च्या तशाच गुंडाळून मी मोकळी झाले. मालकांनी सगळ्या परत सोडायला लावल्या.

मी वैतागून विचारलं, "पण र.ल. म्हणजे काय?"

"रंधा लावला," सुतारदादा म्हणाले.

"काहीतरीच. रंग लागला," पॉलिशवाल्या मावशी म्हणाल्या.

"रवानगीला लायक," मालकांनी निकाल दिला. "वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय."

बघता बघता तिघांची चांगलीच जुंपली. बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. शेवटी ज्यांनी ही अक्षरं पहिल्यांदा लिहिली, त्या निवृत्त मिस्त्रीकाकांनाच मालकांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

काका बराच वेळ हसत राहिले. "अहो, त्याला कसला आलाय अर्थ? पेन्सिलीला टोक केलं की नीट उमटतंय का बघायला मी समोरच्या खुर्चीखाली दोन अक्षरं खरडायचो. तुम्ही अजून लिहिताय होय?"

मालकांनी फोन ठेवला.




"वय झालं हो काकांचं, काही आठवत नाही आता," यावर मात्र तिघांचं लगेच एकमत झालं, आणि मालकांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.