रडेल ते जनावर

शर्वाणी पोंक्षे यांनी बंद खोक्यावर जोरात थाप मारली आणि कान लावला. प्रयोगशाळेत वाढवलेली ही उबदार, मऊ अस्वलं बंदरावर उतरली, की कस्टम्सची कसोटी एवढीच होती. अंधारात घाबरून रडेल ते जनावर, गप्प राहील ते खेळणं. खेळणं ड्यूटी भरून दुकानात जाई, जनावर शेडमागच्या भट्टीत.

"रडणारं तेवढं उचलून जाळता मॅडम," क्लिअरिंग एजंट कासकर कुरकुरला, "पण बाकीची सगळी ऐकत असतात."

"खेळण्यांना काय कळतंय?"

आज खोक्यातून हूं की चूं आलं नाही. शिक्का मारण्याआधी रिवाजाप्रमाणे बाईंनी झाकण उचललं. अस्वलं ओळीनं डोळे मिटून पडली होती. कोपऱ्यातलं एक पिल्लू मात्र थरथरत होतं, त्याच्या गालावरची लव भिजली होती. शेजारच्या अस्वलानं त्याच्या तोंडावर पंजा गच्च दाबून धरला होता.

"काय झालं, मॅडम?"

 गेल्या दिवाळीला असंच एक गप्प राहिलेलं अस्वल बाईंनी स्वतः पास करून लेकीसाठी, चिमीसाठी, घरी नेलं होतं. ते तिच्या कुशीत झोपायचं. गुणाचं आहे हो अगदी, असं त्या शेडभर सांगत सुटल्या होत्या. ते आल्यापासून चिमी रात्री एकदाही रडली नव्हती.