अमोस किफरच्या बंदुकीची नळी

“ही इटलीची,” मर्ल किफर म्हणाला आणि हातातली नळी त्याने डॉरिस येगरच्या टेबलावर आपटली. “नवऱ्या मुलाच्या बुटासारखी चकाकतेय बघा. ही दुसरी, ओहायोची. आतल्या खाचा मोजल्या मी, दोन कमी. शोभा आहे नुसती!”

नाकारलेल्या नळ्या गाडीत घालून गावभर फिरवायची मर्लला हौस होती. लोक सुनेचे फोटो दाखवतात, तसा तो या दाखवायचा. जुन्या बंदुकीला नवी नळी बसवायची, पण ती जुन्यासारखीच हवी, तसूभर फरक नको, हे त्याचं व्रत होतं. चार कारागीर त्याला कंटाळून हात टेकून बसले होते. डॉरिसबाई पाचव्या. अख्ख्या पेनसिल्व्हेनियात ठासणीच्या बंदुकीची इतकी चोख नळी दुसरं कोणी करत नाही, असं म्हणत. बाई तोंडाने फटकळ होत्या. मर्लने आणलेला काकवीचा केक त्या उभ्या उभ्या खात होत्या आणि त्याला बोलू देत होत्या.

“जुनी नळी आतून बघितल्याशिवाय मी नवीला हात लावत नाही,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मर्ल तेवढ्यावरच खूश झाला होता. अखेर कोणीतरी त्याच्या तोलाचं भेटलं होतं. आपल्या खापरपणजोबांची, अमोस किफरची गंजलेली नळी तो त्यांच्याकडे ठेवून गेला होता.

अमोस अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गला लढला होता. लढाईनंतर तो बंदुकीसकट पायी घरी आला आणि पुढे जन्मभर त्याने बटाटे लावले. रणांगणाबद्दल तो एकच वाक्य बोलायचा, “नऊ वेळा बंदूक भरली.” पोरांनी त्याचे नऊ शत्रू केले. नातवंडांनी त्यातला एक घोड्यावर बसवला. मर्लने तर त्या घोडेस्वाराला कर्नल करून टाकलं. बंदुकीच्या नळीत ठासायचा गज अर्ध्यापर्यंतच जायचा. इतका मारा केला की नळी आतून जळून चोंदली, असं मर्ल पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा.

आता अग्निशमन केंद्रासमोर अमोसच्या नावाचा दगड उभा राहणार होता. ‘नऊ शत्रू लोळवणारा वीर’ ही अक्षरं कोरूनही झाली होती. त्यासाठी मर्लने गावच्या सभेत तीन वर्षं घसा कोरडा केला होता. मे महिन्यातल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला दगडावरचा पडदा सरकणार, आणि अमोसच्याच बंदुकीतून मर्ल सलामीचा बार काढणार. स्मृतिदिन तीन आठवड्यांवर आला होता आणि बंदुकीला नळी नव्हती. मर्लची झोप उडाली होती.

“बोला डॉरिसबाई, कधी देताय?”

डॉरिसबाईंनी बोटं पुसली. खणातून एक फडकं काढलं आणि टेबलावर उलगडलं. आत शिशाच्या मळकट गोळ्या होत्या. काही चेपलेल्या, काही अगदी घडवल्या तशा.

“हे काय?”

“तुमच्या खापरपणजोबांची लढाई. नळी भिजत घातली, मागचं बूच खोललं आणि हे बाहेर आलं. मोजा.”

मर्लने मोजल्या. नऊ होत्या. त्याने पुन्हा मोजल्या. तरीही नऊच.

“एकावर एक ठासलेल्या,” बाई म्हणाल्या. “गोंधळात माणूस बंदुकीच्या घोड्याखाली दारू पेटवणारी टोपी लावायलाच विसरतो. टोपी नाही तर ठिणगी नाही. शेजारच्याचा बार उडाला की याला वाटतं आपलाच उडाला. मग पुन्हा भरतो. नाहीतर कळत असूनही भरत राहतो, कोणाला मारायला नको म्हणून. ते काही नळी सांगत नाही.”

“म्हणजे त्यांनी एकही...”

“एकही नाही. माणूस मात्र खरा होता हो तुमचा! नऊ वेळा भरली म्हणाला, नऊ वेळाच भरली होती.”

मर्लने स्टूल ओढलं, त्याचा टेबलाला धक्का लागला. ओहायोची नळी गडगडत खाली पडली, ती उचलायचंही त्याला सुचलं नाही. दीडशे वर्षं घराण्याने मिरवलेला पराक्रम फडक्यावर पडला होता आणि त्यातली एकही गोळी कोणाच्या केसाला लागली नव्हती. त्याला अमोसचा भयंकर राग आला. मग स्वतःचा आला. आणि सगळ्यात जास्त या बाईंचा. इटलीचीच नळी मुकाट्याने बसवली असती, तर ही बला आलीच नसती. चोखंदळपणा अंगाशी आला होता.

“आणखी कोणाला दाखवलंत हे?”

“मला दुसरी कामं आहेत.”

मर्लने गोळ्या फडक्यात गुंडाळल्या आणि खिशात कोंबल्या. दारापर्यंत गेला. बाहेर कोणी नाही असं बघून परत आला. तसूभर फरक न चालणारा तो माणूस आता टेबलावर वाकून कुजबुजायला लागला.

“नवी नळी करालच ना? फक्त तोंडाशी थोडी झिजवा. आत जरा काजळी धरू द्या. भरपूर बार उडालेत असं वाटलं पाहिजे. तीन आठवड्यांत होईल?”

“तीन आठवडे कशाला?” डॉरिसबाईंनी मागचं उंच कपाट उघडलं. आत झिजवलेल्या, काजळलेल्या नळ्या दाटीवाटीने उभ्या होत्या. “तसल्या तयारच असतात. गेटिसबर्गच्या वीरांच्या घरच्यांना सगळ्यांना तशीच लागते.”